निळ्या डोळ्यांचं हस्की पिल्लू: आम्हाला कसं फसवलं गेलं

सायबेरियन हस्की, नर, ८ आठवड्यांचा, दोन्ही डोळे निळे, लसीचे दोन डोस पूर्ण, वंशावळीचा कागद आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची चिप). पिल्लू आम्हाला या वर्णनावर विकलं गेलं. वय, लस, चिप, डोळे, सगळं खोटं होतं, आणि वय आणि लस या दोन खोटांपायी पिल्लाचा जीव जायची वेळ आली. हस्की घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

विक्रेता बोलायला फार चांगला होता. फोन लगेच उचलायचा, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचा, उलट आम्हालाच विचारायचा की घरात कोण असतं, कुत्रा आधी पाळलाय का. पिल्लाची आई बघायची आहे म्हटल्यावर त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात काळी-पांढरी, बर्फासारख्या डोळ्यांची मादी होती आणि तिच्याभोवती लुडबुडणारी पिल्लं. प्रत्यक्ष भेटायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "ताई, सध्या पार्व्हो फिरतोय, बाहेरच्या माणसांना मी आत घेत नाही. पिल्लांना जपावं लागतं हो." पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा, झपाट्याने पसरणारा विषाणू. हे कारण पटण्यासारखं आहे, कारण काळजी घेणारा ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा माणूसही असंच बोलेल. फरक पुढे आहे. काळजी घेणारा माणूस तुम्हाला चपला बाहेर काढायला लावेल, हात धुवायला लावेल, आईला जाळीपलीकडून दाखवेल, नाहीतर पिल्लांच्या लसी होईपर्यंत थांबा म्हणेल. तो पिल्लू खोक्यात घालून रस्त्याच्या कडेला तुमच्या हातात देणार नाही. आमचं पिल्लू आम्हाला तसंच मिळालं. तोच व्हिडिओ पुढे आणखी दोन जाहिरातींत दिसला, नावं वेगळी, नंबर वेगळे.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विक्रेत्याने दिलेलं लसीचं कार्ड बाजूला ठेवलं आणि आधी तोंड उघडून पाहिलं. अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचलून त्यांनी आम्हाला दाखवलं: सुळे आलेले, पुढचे दात हिरडीतून जेमतेम वर आलेले, आणि मागे, जिथे दाढा हव्यात तिथे, गुलाबी, गुळगुळीत हिरडी. ८ आठवड्यांपर्यंत बहुतेक पिल्लांचे २८ दुधाचे दात आलेले असतात. "हे पाच आठवड्यांच्या वर नाही," डॉक्टर म्हणाले. अनेक देशांत ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून विकणं बेकायदा आहे, आणि त्याला कारण आहे. चावताना जोर किती लावायचा, खेळ कुठे थांबवायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून त्याच आठवड्यांत शिकतं. विकणाऱ्याला मात्र ते आठवडे म्हणजे नुसता खर्च. खाणं, जंतनाशक, लस, साफसफाई, सगळं याच काळात वाढतं. म्हणून पिल्लू लवकर काढायचं आणि वय वाढवून सांगायचं.

मग त्यांनी कार्ड हातात घेतलं. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांवरची पहिली लस साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान देतात, पुढचे डोस २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने, आणि शेवटचा डोस १६ आठवडे किंवा त्यानंतर. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे दोन डोस झालेले असणं शक्यच नव्हतं. पण वय माहीत नसतानाही ते कार्ड बोलत होतं. लसीच्या कुपीवर छोटं लेबल असतं, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. लस टोचल्यावर ते लेबल सोलून कार्डावर चिकटवतात, शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक येतो. आमच्या कार्डावर एकही लेबल नव्हतं. दोन्ही तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या आणि सहीखाली नाव नव्हतं. कार्ड हातात आलं की आधी लेबल शोधा. नसेल तर लस झालेली नाही असंच धरून चाला.

आठवडा व्हायच्या आत पिल्लाने खाणं सोडलं. आधी पिवळा फेस, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. त्या जुलाबाचा वास एकदा आला की विसरता येत नाही, गोडसर आणि लोखंडी. पार्व्हो निघाला. हा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा ३ ते ७ दिवस जातात, त्यामुळे बाधा विक्रेत्याकडचीच असावी असं डॉक्टर म्हणाले. विक्रेत्याला फोन केला तर त्याचं उत्तर तयार: "माझ्याकडून ठणठणीत गेलं होतं, तुमच्या घरी काहीतरी खाल्लं असेल." त्यानंतर फोन बंद.

आमच्या डॉक्टरांकडे पार्व्होवर थेट औषध नव्हतं. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, ऊब, आणि वाट पाहणं. पुढच्या पायावरचे केस काढून तिथे सुई बसवलेली, पाय एवढा बारीक की पट्टी दोनदा घसरली. मी आणि माझा भाऊ आळीपाळीने बसलो. ते जगलं. लस न झालेली कितीतरी पिल्लं जगत नाहीत, आणि त्याच खोक्यातल्या बाकीच्या भावंडांचं काय झालं हे मला आजही माहीत नाही. ज्यांच्याकडे असं झालंय त्यांच्यासाठी एक गोष्ट: हा विषाणू साध्या साबणाने किंवा अल्कोहोलने मरत नाही, क्लोरीनचं ब्लीच लागतं, आणि मातीत तो कित्येक महिने टिकतो. लसीकरण पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या जागेत आणू नका.

बरं झाल्यावर चिप तपासली. कागदावर १५ आकडी क्रमांक होता. मानेपासून खांद्यापर्यंत, मग दोन्ही कुशींना, डॉक्टरांनी स्कॅनर दोनदा फिरवला. काहीच वाजलं नाही. म्हणजे वंशावळीचा कागद कुठल्यातरी दुसऱ्या कुत्र्याचा होता. पैसे देण्याच्या आधी, पिल्लू समोर असताना, स्कॅनर लावून आकडा कागदाशी जुळवून घ्या. खरा ब्रीडर यात अपमान मानत नाही.

आता डोळ्यांबद्दल, कारण हा सगळा धंदा डोळ्यांवर चालतो.

सगळ्याच पिल्लांचे डोळे १०-१४ दिवसांनी उघडतात तेव्हा निळसर राखाडी दिसतात. पक्का रंग यायला कधीकधी ३-४ महिने लागतात. हस्कीचा खरा निळा रंग लवकर स्वच्छ दिसायला लागतो, पण पाच आठवड्यांच्या पिल्लाचे ढगाळ डोळे नवख्या माणसाला निळेच वाटणार, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. वय वाढवून सांगितलं की 'इतके आठवडे होऊनही निळेच आहेत' असंही भासवता येतं. आमच्या पिल्लाचे डोळे हळूहळू राखाडी, मग मधासारखे, मग गडद तपकिरी झाले. फार सुंदर डोळे आहेत. जातीच्या मानकाप्रमाणे हस्कीचे डोळे तपकिरी, निळे, एक निळा एक तपकिरी, किंवा एकाच डोळ्यात दोन रंग, असे कसेही चालतात. निळ्यासाठी जास्त पैसे मागणं हा निव्वळ बाजार आहे. २०१८ मध्ये सहा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या जनुकांच्या अभ्यासातून हस्कीच्या निळ्या डोळ्यांचा संबंध १८व्या गुणसूत्रावरच्या एका दुहेरी झालेल्या तुकड्याशी आहे असं दिसलं. हा रंग म्हणजे तब्येतीची किंवा शुद्धतेची पावती नव्हे. कोणी 'निळ्या डोळ्यांचा दुर्मिळ अलास्कन मॅलम्यूट' (हस्कीसारखी दिसणारी दुसरी जात) विकत असेल तर तिथून सरळ निघा. मॅलम्यूटचे डोळे तपकिरीच असायला हवेत, निळा डोळा हा त्या जातीत बाद करणारा दोष मानतात.

हस्कीच्या डोळ्यांबाबत विचारायचं असतं ते वेगळंच. तरुणपणी येणारा आनुवंशिक मोतीबिंदू, पारपटलावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) येणारी धूसर झाक, आणि पीआरए नावाचा दृष्टिपटल झिजत जाणारा आजार, हे तिन्ही या जातीत आढळतात. आईबापांची नेत्रतपासणी नेत्रविकारतज्ज्ञ पशुवैद्याकडून झाली आहे का, कधी झाली, अहवाल दाखवा, हा प्रश्न आधी विचारा. आम्हाला विकणाऱ्याकडे रंगाबद्दल बोलायला भरपूर होतं, तपासणीबद्दल एक शब्दही नव्हता.

आम्ही त्याचं नाव टोगो ठेवलं. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा त्यावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) घेऊन धावलेल्या, कुत्र्यांनी ओढलेल्या स्लेजगाड्यांपैकी लिओनहार्ड सेप्पाला या गाडीवानाच्या गाडीचा म्होरक्या कुत्रा म्हणजे टोगो. सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा त्या गाडीचा होता. तो टोगोही लहानपणी आजारी असायचा, म्हणून नाव सुचलं. आमच्या टोगोचं वजन सुमारे २२ किलो. हे मुद्दाम सांगते, कारण 'जायंट हस्की, ५० किलोपर्यंत जाईल' असंही आम्हाला ऐकवलं होतं. नर हस्की साधारण २० ते २७ किलोचा असतो. हलक्या अंगाने लांबच्या लांब पळायला चुकची लोकांनी सायबेरियात हा कुत्रा घडवला.

आणखी जे सांगितलं गेलं तेही खोटंच होतं. 'राखणीला उत्तम' म्हणे. टोगो अनोळखी माणसाच्या अंगावर आनंदाने चढतो. 'उन्हाळ्यात केस भादरून टाका.' कधीही नको. बाहेरचा राठ थर ऊन अडवतो, आतली लोकर हवा धरून ठेवते. भादरल्यावर कातडी भाजते आणि केस कित्येकदा नीट परत येत नाहीत. वर्षातून दोनदा लोकर सुटते तेव्हा रोज विंचरावं लागतं, चिमटीत धरली तरी गुच्छ हातात येतात. फिरायला नेणं पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच. 'थोडा वेळ फिरवलं की पुरे' हेही खोटं. पळणं पुरेसं झालं नाही की तो खड्डे खणतो, दाराची कडी तोंडाने उघडतो आणि सुटला की हाक मारून येत नाही, समोर मांजर किंवा पक्षी असेल तर मुळीच नाही. बाहेर नेहमी हार्नेस आणि मजबूत दोरी, कुंपणाखाली जाळी पुरलेली. भुंकतो कमी, पण हेल काढून रडतो, तेही मोठ्याने. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.

मध्यंतरी टोगोच्या डोळ्यांभोवती आणि ओठांवर खपल्या धरल्या. ऍलर्जी समजून कोणी मलम देईल, पण उत्तरेकडच्या या जातींत शरीर जस्त नीट शोषून घेत नाही असा विकार आढळतो. डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासून मग जस्ताच्या गोळ्या दिल्या. मनाने जस्त देऊ नका, जास्त झालं तर विषारी ठरतं.

तक्रारीचं सांगायचं तर, मी वयाबद्दल डॉक्टरांचा लेखी दाखला घेतला, पार्व्होचा अहवाल, रिकाम्या स्कॅनची नोंद, जाहिरातीचे आणि सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याची पावती, असं एकत्र बांधून दिलं. तोच व्हिडिओ पाहून फसलेलं एक कुटुंब सापडलं, त्यांचीही कागदपत्रं जोडली. त्यांना तर पिल्लू मिळालंच नाही. आधी आगाऊ रक्कम, मग गाडीच्या पिंजऱ्याची 'परत मिळणारी' रक्कम, मग विम्याची, आणि शेवटी 'पैसे भरले नाहीत तर जनावर टाकून दिल्याची केस होईल' अशी धमकी. असा एकामागून एक पैशांचा निरोप आला तर समजा की त्या टोकाला पिल्लूच नाही, आणि पहिल्याच मागणीला थांबा.

आमच्या पैशांपैकी थोडे परत आले, बाकीचं प्रकरण चालू आहे. टोगोचे आईबाप कोण, त्यांचे डोळे कसे होते, हे आम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्याची नेत्रतपासणी करून घेतो. आतापर्यंत दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, पुढची तारीख घेऊन ठेवली आहे.