इतिहासाच्या तासाला इंटरनेट: व्हिडिओ, मोकळा शोध की जुन्या ग्रंथाचं एक पान?

पुण्यातल्या शाळेत सातवी-आठवीला मराठ्यांचा इतिहास शिकवताना हाती ३५ मिनिटांचा तास, एक प्रोजेक्टर आणि आठवड्यातून एकदा संगणक कक्ष असेल, तर इंटरनेट तीन तऱ्हांनी वापरता येतं.

सगळ्यात कमी कष्ट व्हिडिओला. तो आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा, नाहीतर ऐन वर्गात जाहिराती लागतात किंवा नेट अडकतं. चार-पाच मिनिटांचाच तुकडा दाखवावा आणि त्याआधी फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत. वीस मिनिटं व्हिडिओ चालला की चर्चेला वेळच उरत नाही. खरी अडचण अशी की निवेदक साधन सांगत नाही आणि दृश्यं बहुधा सिनेमाच्या सेटवरची असतात. गड आणि खोरी समजावायला गूगल अर्थ जास्त बरं. नकाशा तिरपा करून सिंहगड, राजगड, तोरणा ओळीने दाखवले की कुठून कुठे नजर पोचते हे मुलं आपणहून सांगतात.

मोकळ्या शोधात मुलं रमतात, पण ‘शनिवारवाड्याची माहिती शोधा’ एवढंच सांगितलं तर दहा मिनिटांत एकच परिच्छेद सगळ्यांच्या वहीत उतरतो. तोच मजकूर पाच संकेतस्थळांवर दिसला की तो पाचपट खरा वाटू लागतो. म्हणून नकलून उत्तर मिळणार नाही असा प्रश्न द्यावा: जळण्यापूर्वीच्या वाड्याचा फोटो म्हणून जे चित्र सापडलं, ते खरं असू शकेल का? वाडा जळाला २७ फेब्रुवारी १८२८ ला, आणि छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं १८३९ मध्ये. या दोन तारखा एकाखाली एक लिहिल्या की उत्तर मुलंच देतात. एका संगणकावर तीनपेक्षा जास्त मुलं नकोत. चौथं नुसतं बघत बसतं.

आमचं झुकतं माप तिसऱ्या मार्गाला आहे: छापील मूळ साधनाचं एक पान. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड किंवा १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात मिळतं. जुन्या मराठी पुस्तकांची नावं तिथे पुष्कळदा रोमन लिपीत, वाटेल त्या स्पेलिंगने नोंदलेली असतात, त्यामुळे देवनागरीत शोधून निराश होऊ नये. अख्खा खंड मुलांना पाठवू नये. लागणाऱ्या १०-१२ ओळी कापून ए-फोरवर मोठ्या छापाव्यात, दोघांत एक प्रत द्यावी, खाली सहा-सात कठीण शब्दांचे अर्थ. मोडीचा कागद मात्र फक्त दाखवावा. शब्द सलग लिहिलेले असल्याने सरावाशिवाय तो लागत नाही.

एक नमुना. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींच्या जुन्या यादीत, शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. शकावरून इंग्रजी साल काढायला मुलं १५५१ मध्ये ७८ मिळवतात, १६२९ येतात आणि गाडी अडते. फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे: १६३०. मग १९ फेब्रुवारी १६३० चा वार शोधायला सांगावा. आजचं कॅलेंडर तसंच मागे नेणाऱ्या संकेतस्थळावर मंगळवार येतो. शकावली चुकली का? नाही. इतिहासकार त्या काळासाठी जुनं ज्युलियन कॅलेंडर धरतात, ते तेव्हा दहा दिवस मागे होतं. आजच्या हिशेबाने ती तारीख १ मार्च, आणि वार शुक्रवारच. पडताळ्याला २०३० चं कॅलेंडर उघडावं. ४०० वर्षांनी वार तेच येतात. एवढ्याला २५ मिनिटं पुरतात. यंत्राने दिलेलं उत्तर कागदाशी ताडून बघायची सवय इथे लागते, ती व्हिडिओने लागत नाही.

तयारीला पहिल्या वेळी दोन तास जातात, हे धरून चालावं. तेवढा वेळ नसेल तर सत्रात अशी दोनच पानं घ्यावीत आणि बाकी धड्यांना गूगल अर्थ. मोकळा शोध त्यानंतरच द्यावा, आणि प्रत्येक उत्तरापुढे ‘कुठून घेतलं’ आणि ‘त्यांनी कुठून घेतलं’ असे दोन रकाने वहीत आखून घ्यावेत. दुसरा रकाना रिकामा राहिला तर उत्तराला अर्धेच गुण.