मर्सिडीज एस-क्लास: पडद्याआधी उजवी दांडी शिका

2020 साली आलेली डब्ल्यू 223 पिढीची एस-क्लास चाकणच्या कारखान्यात जोडली जाते. शोरूममध्ये सगळ्यांची नजर तिच्या 12.8 इंची ओएलईडी पडद्यावर जाते. रस्त्यावर मात्र पहिली गडबड होते ती स्टिअरिंगच्या उजव्या दांडीवर. मारुती किंवा ह्युंदाईत तिथे इंडिकेटर असतो, इथे गिअर आहे. ब्रेक दाबून दांडी पूर्ण वर रेटली की आर (रिव्हर्स), पूर्ण खाली की डी (पुढे जाण्यासाठी), टोकाचं बटण दाबलं की पी (पार्किंग). पहिल्या अडथळ्यापर्यंतच हलली तर एन (न्यूट्रल). वळण घेताना सवयीने हात तिकडे गेला, तर गाडी न्यूट्रलला जाऊ शकते. मग इंजिन नुसतंच घुमतं, गाडी ओढत नाही. अशा वेळी आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, दांडी पूर्ण खाली ढकला आणि समोर डी दिसल्यावरच पेडल दाबा. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डावीकडच्या एकाच दांडीवर आहेत. वायपरसाठी तिचं टोक फिरवायचं.

सिग्नलला उभं राहिल्यावर ब्रेक थोडा जोर देऊन आणखी दाबा. 'होल्ड' अक्षरं उमटली की पाय उचलता येतो, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी निघते. मुंबई-पुण्याच्या रांगांमध्ये या गाडीतली सर्वांत उपयोगी सोय हीच. फक्त 'होल्ड'च्या भरवशावर गाडीतून उतरू नका. आधी पी.

स्टिअरिंगवरची स्पर्शाची बटणं मात्र पटली नाहीत. आवाज कमी-जास्त करायला बोट सरकवावं लागतं, आणि वळण घेताना तळहात चुकून तिथे लागतो. दारावरची सीटची बटणंही आत जात नाहीत, हलक्या दाबानेच काम करतात. जुन्या मर्सिडीजची सवय असलेला माणूस ती उगाच जोरात दाबत बसतो. सीट, स्टिअरिंग आणि आरसे जागेवर आले की मेमरीचं बटण दाबून लगेच आकडा दाबा. मालक आणि चालक दोघेही गाडी चालवत असतील, तर हे पहिल्याच दिवशी करून टाका.

एसीचं तापमान पडद्याच्या तळाशी कायम दिसतं, त्यामुळे मेन्यूत शिरावं लागत नाही. तरीही चालत्या गाडीत ते बोटाने शोधण्यापेक्षा 'हे मर्सिडीज' अशी हाक मारून तोंडी सांगणं बरं.

मागची चाकं वळवणारी यंत्रणा 4.5 किंवा 10 अंशांची असते. तुमच्या गाडीत कोणती आहे, ते विचारून घ्या. कमी वेगात मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेने वळतात, म्हणून एवढी लांब गाडीही अरुंद जागेत सहज फिरते. पण त्याच कारणाने मागचा कोपरा बाहेरच्या बाजूला जास्त फेकला जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला किंवा भिंतीला लागून उभी केलेली गाडी काढताना आधी थोडं सरळ पुढे या, मगच स्टिअरिंग वळवा. नाहीतर मागचा बंपर घासतो, आणि पुढे बघणाऱ्या चालकाला ते कळतही नाही.

उंच गतिरोधक दिसला तर एअर सस्पेन्शनने (हवेच्या दाबावर गाडी वर-खाली करणाऱ्या यंत्रणेने) गाडी उचलून घ्या. ती एका क्षणात वर येत नाही. गतिरोधकाच्या तोंडाशी नव्हे, बरंच आधी बटण दाबा. वेग वाढला की ती आपोआप खाली बसते, म्हणून पुढच्या गतिरोधकाआधी पुन्हा उचलायला विसरू नका.