तिसऱ्यांचे कल्ले आणि फ्लिम: तीन दिवसांचा अनुभव

गोव्यातल्या जुवारी नदीतल्या तिसऱ्यांचे (एक प्रकारच्या शिंपल्यांचे) कल्ले घेऊन मी पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत फ्लिमची, म्हणजे लेसरने चमकवलेल्या पेशींची चकाकी किती वेळ टिकते ते टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची, सेवा तीन दिवस वापरली. साध्या फ्लुओरेसन्समध्ये (प्रकाश पाडला की पदार्थ स्वतः चमकतो, ते बघण्यात) चकाकी किती एवढंच कळतं. इथे ती विझायला किती वेळ लागतो ते मोजतात. एनएडीएच हा पेशीच्या ऊर्जेच्या कामात लागणारा, आपणहून चमकणारा रेणू. पेशीतला मोकळा एनएडीएच साधारण 0.4 नॅनोसेकंदात विझतो, प्रथिनाला चिकटलेला 2 नॅनोसेकंदांहून जास्त टिकतो. नुसत्या तेजावरून दोघांत फरक करणं अवघड. कुठलाही रंग न घालता जिवंत पेशी ऊर्जा कशी वापरते याचा माग लागतो. कर्करोगाच्या संशोधनात म्हणूनच याला इतकी मागणी. पडद्यावर कल्ल्याच्या पट्ट्या निळ्या-केशरी उमटल्या तेव्हा मी खरंच श्वास रोखून बघत राहिले.

पण फोटॉन एकेक करून मोजायचे, त्यामुळे एका चित्राला चार मिनिटं लागली. तेवढ्यात कल्ल्यावरचे बारीक केस हलतात आणि चित्र फिसकटतं. घाईने लेसरची तीव्रता वाढवली तर मोजणीच चुकते. तिथल्या ताईंनी नमुना गार ठेवायला सांगितलं, त्याने बरंच साधलं.

पावसात वीज गेली. लेसर पुन्हा स्थिर होईपर्यंतचा वेळही भाड्यात धरला, हे मला पटलं नाही.