सव्वा एकर गवत आणि राइडिंग मोअर : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

उत्तर कॅरोलायनाच्या वेक काउंटीत आमचे घर सव्वा एकराच्या, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने पन्नास गुंठ्यांच्या, जागेवर आहे. घर, ड्राइव्हवे आणि मागची पाइनची झाडे वजा जाता बाकी सगळे गवत. ते कापायला येणाऱ्या माणसाचे हंगामाचे बिल पाहून यंदाच्या मार्चमध्ये आम्ही ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पाती झाकणारे खालचे कवच), हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअर न बदलता पायाच्या पेडलने वेग ठरवता येणारा, एक साधा राइडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचे गवत कापायचे यंत्र, घेतला. आता नोव्हेंबर संपत आला असून इथल्या फेस्क्यू गवताचा हंगामही संपला आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या यंत्रांचे रंग वेगळे असले तरी आत इंजिन बहुधा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर किंवा कावासाकीचे आणि ट्रान्समिशन टफ टॉर्क किंवा हायड्रो-गिअरचे असते, त्यामुळे खालचे बरेचसे मुद्दे कोणत्याही रंगाच्या यंत्राला लागू पडावेत.

यंत्राबद्दल माझी मूळ तक्रार नाही. सपाट जमिनीवर ते उत्तम चालते, वळते आणि कापते. पण दुकानात आपल्याला हॉर्सपॉवर, एलईडी दिवे आणि कप ठेवायची जागा दाखवली जाते. ज्या एका गोष्टीवर हे यंत्र घ्यावे की नाही हे ठरायला हवे, तो आपल्या आवाराचा उतार, त्याबद्दल कोणी विचारतही नाही. आमच्या आवाराचा पश्चिमेकडचा भाग पावसाच्या पाण्याच्या चरीकडे उतरत जातो. मॅन्युअलमध्ये उतार मोजण्यासाठी घडी घालायचे एक पान दिलेले असते. ते घेऊन आणि फोनमधल्या लेव्हलने पडताळून आम्ही तो भाग मोजला, तेव्हा चरीजवळचा पट्टा १५ अंशांच्या पुढे निघाला. आमच्यासारख्या राइडिंग मोअरला लॉन ट्रॅक्टरही म्हणतात; बहुतेक लॉन ट्रॅक्टरसाठी १५ अंश ही कमाल मर्यादा दिलेली असते आणि काही मॉडेलांची त्याहूनही कमी असते. डोळ्यांना मात्र तो उतार अगदी सौम्य दिसतो, म्हणून अंदाजावर विसंबू नये.

ही मर्यादा इतकी कडक का, हे यंत्राची रचना समजल्याशिवाय पटत नाही. यंत्र अरुंद आहे आणि आपण त्याच्यावर उंच बसतो, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाची बाब ब्रेकची. मोटारीप्रमाणे इथे चारही चाकांना ब्रेक नसतो. तो मागच्या ट्रान्समिशनवर लागतो आणि तिथून डिफरन्शियलमार्फत, म्हणजे दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या गिअरसंचामार्फत, मागच्या दोन चाकांपर्यंत पोहोचतो. उतारावर आडवे जाताना वरच्या बाजूच्या चाकावरचा भार कमी होऊन ते घसरू लागले, की खालचे चाक कितीही घट्ट टेकलेले असले तरी ब्रेकचा जोर नाहीसा होतो, आणि मग पेडल दाबून काही उपयोग होत नाही. म्हणून राइडिंग मोअरने उतारावर नेहमी सरळ वर-खाली जायचे, आडवे कधीच नाही. ढकलायच्या मोअरचा नियम याच्या नेमका उलटा, तो आडवाच चालवायचा, म्हणजे पाय घसरला तरी यंत्र अंगावर किंवा पायाखाली येत नाही. उतारावर वळू नये, थांबून पुन्हा निघू नये, आणि सकाळचे दव वाळल्याशिवाय तिकडे जाऊच नये. चाके घसरू लागलीच तर पाती बंद करून सरळ खाली हळू उतरणे एवढेच हाती असते. मोठ्या झीरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या, यंत्रांना डोक्यामागे यंत्र उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान आणि सीटबेल्ट असतो. आमच्यासारख्या साध्या ट्रॅक्टरला ती नसते. आम्ही तो पट्टा या यंत्राने कापायचा नाही असे पहिल्याच आठवड्यात ठरवले आणि तिथे पाइनच्या वाळक्या सुयांचे आच्छादन घातले, जे इकडे गठ्ठ्यांनी स्वस्तात मिळते.

दुसरा मुद्दा सुरक्षेच्या स्विचांचा, ज्यांच्यावर चिडणारे लोक फार. सीटवरून उठलात की पाती थांबतात. पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. आणि पाती फिरत असताना उलट जायला गेलात तर इंजिन बंद पडते. उलट जाताना कापायचेच असेल तर दर वेळी किल्ली वेगळ्या जागी फिरवावी लागते किंवा एक बटण दाबावे लागते. झाडांभोवती कापताना हे खरोखर कटकटीचे होते आणि या स्विचांच्या तारा जोडून ते निकामी कसे करावेत हे सांगणारे व्हिडिओ शेकड्यांनी सापडतात. मी ते करणार नाही आणि कोणी करू नये. अमेरिकेतल्या मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास; आणि उलट जाताना मागे खेळत आलेले लहान मूल सीटवरून दिसत नाही. उलट जावे लागेल असे कोपरे मी आता ढकलायच्या छोट्या मोअरसाठी सोडून देते, त्यामुळे किल्लीची ती खटपटही जवळजवळ संपली आहे.

मुलांवरून आठवले. मे महिन्यात सासू-सासरे सांगलीहून आले होते. सासऱ्यांची हयात शेतीत गेली, ट्रॅक्टर त्यांना नवा नाही, आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी नातवाला मांडीवर घेऊन एक फेरी मारण्याची इच्छा बोलून दाखवली. “अगं, पाती बंद ठेवतो, नुसता फिरवून आणतो,” असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, “बाबा, आज फेरी मारलीत तर उद्यापासून याचा आवाज ऐकला की तो धावत बाहेर येईल, आणि तेव्हा पाती चालू असतील.” ते क्षणभर यंत्राकडे बघत राहिले आणि मग स्वतःच नातवाला घेऊन आत गेले. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला स्पष्ट आहे: या यंत्रावर मुलांना बसवू नये, सोळा वर्षांखालच्याने ते चालवू नये, आणि गवत कापताना लहान मुलांनी घरातच असावे. आमच्याकडे आता नियम असा, की मुले आत आणि दार लावलेले असल्याखेरीज किल्ली खुंटीवरून निघत नाही.

कापणीच्या दर्जाबद्दल सुरुवातीला मी नाराज होते. दोन फेऱ्यांच्या मधोमध उंच राहिलेल्या गवताची रेघ दिसे आणि उजवीकडचा पट्टा डावीकडच्यापेक्षा बुटका येई. दुकानाने यंत्र तपासून दिल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात चारही टायरांत भरमसाट हवा होती, कारण वाहतुकीसाठी कारखान्यातून ती तशीच भरून येते आणि ग्राहकाला देण्यापूर्वी कोणीतरी कमी करायची असते. आमच्या मॅन्युअलनुसार पुढे १४ आणि मागे १० पीएसआय पुरते. मोटारीचा गेज इतक्या खाली नीट वाचत नाही, कमी दाबाचा वेगळा घ्यावा. हवा बरोबर केल्यावर मगच डेकची पातळी बघायची: सपाट फरशीवर दोन्ही बाजूंची पाती सारख्या उंचीवर, आणि पुढचे टोक मागच्यापेक्षा पाव इंचापर्यंत खाली. एवढे केल्यावर रेघा गेल्या. दुकानात पुन्हा खेटे घालण्यापेक्षा हे घरी करणे सोपे गेले, तरी ज्या कामाचे पैसे घेतले ते झालेले नव्हते, ही तक्रार आहेच.

गवत साडेतीन इंचांच्या खाली आणत नाही, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापत नाही. कापताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारा दांडा, पूर्ण ठेवायचा, यंत्राचा वेग फक्त पायाच्या पेडलने कमी-जास्त करायचा. पेट्रोल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवण्याची आपली सवय इथे चुकीची ठरते: इंजिन हवेवर थंड होते, आणि पाती मंद फिरली तर गवत बाहेर फेकले न जाता डेकखाली चिकटते. बाजूने गवत बाहेर पडते तिथले झाकण कधीही बांधून वर ठेवू नये, तोच दगडांपासूनचा एकमेव आडोसा असतो. सुरू करण्यापूर्वी आवारातून एक चक्कर मारून पाइनची बोंडे, फांद्या आणि कुत्र्याची खेळणी उचलणे, खडीच्या ड्राइव्हवेवरून जाताना पाती बंद करणे, बंद बूट, चष्मा आणि कानांवर मफ घालणे, हे आता अंगवळणी पडले आहे.

देखभालीत सर्वांत जास्त फरक पडतो तो पात्यांच्या धारेने. कापल्यानंतर एक-दोन दिवसांत गवताची टोके फाटल्यासारखी पांढरट-तपकिरी दिसू लागली, की धार गेली असे समजावे. काम सुरू करण्यापूर्वी किल्ली काढायची आणि स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला ठेवायची, मग हातमोजे. यंत्र नुसत्या जॅकवर उचलून खाली हात घालणे हा वेडेपणा आहे. आम्ही पुढची चाके मजबूत रॅम्पवर चढवून मागच्या चाकांना ओंडके लावतो. डेक आणि पाते यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवला की बोल्ट सुटतो. धार कानशीने मूळच्याच कोनात, साधारण ३० अंशांत, एकाच दिशेने काढायची. वस्तऱ्यासारखी करायची नाही, ती पहिल्याच मुळीवर मोडते. मग भिंतीतल्या खिळ्यावर पाते मधल्या भोकाने टांगायचे: जे टोक खाली झुकते त्या बाजूचे लोखंड आणखी थोडे कानसायचे, आणि पाते आडवे स्थिर राहिले की झाले. हा तोल साधला नाही तर सीटवर कंप जाणवतो आणि पात्याच्या दांड्याची बेअरिंग लवकर जातात. परत बसवताना वर वळलेली कड डेककडे हवी. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

डेकवर पाण्याची नळी जोडायचे एक तोंड असते आणि विक्रेता ते फार कौतुकाने दाखवतो. मी ते वापरणे सोडून दिले आहे, कारण पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि चिकटलेले गवत पूर्ण निघत नाही ते नाहीच. प्लास्टिकच्या खरवडणीने डेक आतून खरवडणे आणि इंजिनावरचे, ड्राइव्ह बेल्टजवळचे व सायलेन्सरजवळचे वाळके गवत ब्लोअरने उडवणे जास्त उपयोगी पडते. तिथे साठलेले गवत पेटू शकते, म्हणून इंजिन थंड झाल्याशिवाय यंत्र गॅरेजमध्ये घेत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. तेल दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. हवेचा फिल्टर २५ तासांनी तपासायला सांगतात, पण जुलैत इथल्या लाल मातीचा धुरळा बसतो तेव्हा त्याआधीच उघडावा. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. पंपावर १५ टक्क्यांची स्वस्त नळी असते, ती टाळावी. डबा लाल रंगाचा, भरताना जमिनीवर ठेवलेला, आणि साठवताना गॅसच्या वॉटर हीटरपासून लांब. थोडेच पेट्रोल आणावे. महिन्याहून जास्त राहणार असेल तर स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य, घालून इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. बॅटरी हिवाळ्यात ट्रिकल चार्जरवर, म्हणजे अगदी मंद गतीने चार्ज करणाऱ्या चार्जरवर.

अर्ध्या एकरापर्यंत सपाट जागा असेल तर हे यंत्र घेऊ नका. स्वयंचलित चाकांचा ढकलायचा मोअर चौथ्या हिश्शात येतो आणि गॅरेजची निम्मी जागा वाचते. एकराच्या वर आणि बहुतांश सपाट असेल तर जरूर घ्या, पण आधी उतार मोजा. आमचे यंत्र सव्वादोन हजार डॉलरच्या आसपास पडले आणि आमच्या हिशेबाने ते दोन हंगामांत वसूल होईल. पुढच्या वर्षासाठी पात्यांची दुसरी जोडी मागवली आहे, म्हणजे एक जोडी धारेला असताना दुसरी यंत्रावर राहील.