स्टेन्ड ग्लासचा पॅनल आणि त्याच काचेचे कानातले, ८ महिन्यांनंतर

घेतल्या घेतल्या लिहिणार होते पण मुद्दाम थांबले, कारण काचेची वस्तू पहिल्या दिवशी कुणाचीही छानच दिसते. जवळच राहणाऱ्या एक ताई घरीच स्टेन्ड ग्लास, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेलं काम, करतात आणि उरलेल्या तुकड्यांचे दागिने. त्यांच्याकडून खिडकीत टांगायचा फूटभर पॅनल घेतला आणि त्यातल्याच निळ्या काचेचे कानातले.

काचेबद्दल तक्रार शून्य. खिडकीत रोज कडक ऊन येतं, तिथला पडदा विटला पण निळा रंग आहे तस्साच, कारण तो वरून दिलेला नाही, काच बनवतानाच त्यात कोबाल्ट घालतात. (नुसतं काचेवर रंगवलेलं पण लोक स्टेन्ड ग्लास म्हणून विकतात, माझ्याकडे होतं एक, पुसता पुसता पोपडे निघाले.) सकाळी जमिनीवर निळा पट्टा पडतो आणि आमचं मांजर बरोब्बर त्यात जाऊन पसरतं.

गडबड झाली ती धातूची. यात प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची चिकट पट्टी, म्हणजे फॉइल, गुंडाळतात आणि मग जोडांवर सोल्डर, म्हणजे वितळवून जोडायचा धातू, ओढतात. दीड महिन्यात त्या जोडांवर पांढरट काहीतरी फुललं, मला वाटलं बुरशी. तर सोल्डर नीट धरावं म्हणून आधी लावतात ते फ्लक्स नीट धुतलं गेलं नव्हतं. ताईंनी कबूल केलं की घाईत राहिलं, परत नेऊन धुतलं, काळं पॅटिना (जोड काळे दिसावेत म्हणून देतात तो थर) पुन्हा चढवलं, वर मेण चोळलं. त्यानंतर काही नाही.

पण चौथ्या महिन्यात जे झालं त्याचा राग अजून आहे. टांगायची एक कडी फॉइलसकट उचकटून हातात आली आणि पॅनल दुसऱ्या कडीवर तिरका लोंबकळत होता, मी समोरच होते म्हणून वाचला. कडी नुसती काठाच्या फॉइलला चिकटवलेली, सगळं वजन त्या कागदासारख्या पट्टीवर! कडी कायम दोन काचांच्या जोडाच्या रेघेवर हवी, म्हणजे भार आत जातो. ताईंनी आता सगळ्या काठाला जाड तार फिरवून त्यात कड्या बसवल्यात, पण हे आधीच करायला काय झालं होतं?

कानातले मात्र आवडते. घेताना एकच विचारलं, शिसं आहे का? कारण पॅनलच्या सोल्डरमध्ये बऱ्याचदा ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं, ते अंगावर नकोच. दागिन्यांना बिनशिशाचं वापरते म्हणाल्या आणि न मागता रीळ आणून लेबल दाखवलं. थोडं खडबडीत दिसतं, चालतंय. हूक ९२५ चांदीचे, काळवंडतात, पण पिशवीत हवाबंद ठेवले की कमी. जड आहेत, दिवसभर घातले तर संध्याकाळी कान दुखतात. डाव्याच्या कडेला केस अडकायचा, ते टोक ताईंनी घासून दिलं.

पॅनल मी फक्त ओल्या फडक्याने पुसते आणि नंतर हात धुते, व्हिनेगर वगैरे लावू नका, पॅटिना जातं.

दुसरा पॅनल सांगितलाय त्यांनाच. यावेळी कड्या कुठे येणार ते आधी कागदावर काढून घेतलंय.