पोरींची व्हॉलीबॉल टीम, श्रीलंका आणि आमच्या टूरवाल्यांचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते. फिरवण्याला साडेचार स्टार, जेवणाला तीन, मॅचेसच्या व्यवस्थेला दोन. कंपनी नाशिकचीच आहे, नाव लिहीत नाही, कारण जे काही सांगायचं होतं ते मी आणि आमच्या सरांनी मालकांसमोर बसून सांगितलंय आणि त्यांनी ते ऐकूनही घेतलंय. हे लिहितेय ते बाकीच्या कॉलेजांसाठी, जे आता आपली पण टीम बाहेर न्यायची म्हणून कोटेशन मागवत असतील.

आम्ही एकूण सोळा जण. बारा पोरी, कोच सर, दोन पालक आणि मी मॅनेजर म्हणून. सहा रात्री, फेब्रुवारी महिना, माणशी ६२ हजार, त्यातले निम्मे कॉलेजने दिले आणि निम्मे घरच्यांनी. निफाडकडच्या एका पोरीच्या वडिलांनी कांद्याचे पैसे हातात आले तसे सरळ आणून भरले, एकीच्या आईने बचत गटातून उचल घेतली. हे मुद्दाम सांगतेय, कारण ही माणसं पोरगी श्रीलंका बघून येईल म्हणून पैसे देत नव्हती, पोरगी परदेशात मॅच खेळणार म्हणून देत होती.

श्रीलंका का, तर एक म्हणजे जवळ आणि परवडणारं, मुंबईहून अडीच तासांची फ्लाइट, घड्याळाचा टाइम सुद्धा आपलाच. आणि दुसरं, जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, तिथला राष्ट्रीय खेळ क्रिकेट नाही, व्हॉलीबॉल आहे. १९९१ पासून. गावागावात नेट बांधलेलं दिसतं, बसमधून जाताना पोरी खिडकीला नाक लावून मोजत होत्या, "मॅडम अजून एक, मॅडम तिकडे पण". सरांचं म्हणणं होतं की व्हॉलीबॉल जिथे घराघरात आहे तिथे चार सेट हरलो तरी चालेल पण शिकून येऊ, आणि मला ते शंभर टक्के पटलं होतं.

कागदपत्रांच्या कामाला पूर्ण मार्क. बारापैकी नऊ पोरींचा पहिलाच पासपोर्ट, पण फॉर्म, अपॉइंटमेंट, पोलिस व्हेरिफिकेशनचे फोन, सगळं कंपनीच्या ऑफिसातल्या एका ताईंनी एकटीने धरून ठेवलं, एकही अर्ज परत आला नाही. पासपोर्टची पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात हे त्यांनीच पोरींना सांगितलं, तेव्हापासून त्या आपापला पासपोर्ट जरा जास्तच जपून वापरायला लागल्या.

आता मुद्द्याचं. संध्याकाळी सात वाजता मुंबई नाक्यावरून बसने निघालो, रात्री एअरपोर्टवर बसून राहिलो, अडीचची फ्लाइट, पहाटे पाचला कोलंबो. म्हणजे रात्रभर कुणाचा डोळ्याला डोळा नाही. पहिली मॅच कँडीला, त्याच दिवशी संध्याकाळी चार वाजता. हे वेळापत्रक आम्ही आधी बघितलं होतं, चूक आमचीही आहे, पण आम्हाला सांगितलं होतं की सकाळी नऊपर्यंत हॉटेलला पोचाल, जेवून चार तास झोपा. प्रत्यक्षात काय झालं तर वाटेत पिन्नवलाला हत्ती बघायला थांबवलं. १९७५ साली सुरू झालेलं हत्तींचं अनाथालय आहे ते, हत्तींना दहा वाजता नदीवर आंघोळीला नेतात, आणि "इथवर आलोय तर बघूनच जाऊ" म्हणून आमच्याबरोबर आलेल्या टूर मॅनेजरने बस थांबवली. हत्तींचा कळप नदीत उतरतो ते बघण्यासारखं आहे यात वादच नाही, पण पोरी दोन तास त्या खडकांवर उन्हात उभ्या, पायात स्लीपर, पोटात विमानातला एक सँडविच. सर दोनदा जाऊन बोलले. टूर मॅनेजर म्हणाला, सर, फॅमिली ग्रुपला हे फार आवडतं.

पण आम्ही फॅमिली ग्रुप नव्हतो ना!

कँडीला पोचलो तर दोन वाजून गेलेले. जेवण कसंबसं उरकलं आणि हॉलवर. तिथे दारातच एक वयस्कर काका, हॉलचे केअरटेकर, एकेकीला थांबवून बूट उलटा करायला लावतायत. लाकडी फ्लोअर, काळे डाग पाडणारा सोल आत चालत नाही, नॉन-मार्किंग सोलच पाहिजे. काकांचं बरोबरच होतं, त्यांनी तो फ्लोअर आरशासारखा ठेवलाय. आमच्या पोरी कॉलेजच्या मातीच्या ग्राउंडवर खेळणाऱ्या, चौघींचे बूट बाद. काकांनी अंगठा सोलवर घासून दाखवला, अंगठा काळा. चौघी मोज्यांवर उभ्या, एकीच्या डोळ्यात पाणी आलेलं. शेवटी समोरच्या टीमच्या पोरींनी बॅगा उघडून स्वतःचे जादाचे बूट काढून दिले, आमच्या लिफ्टरला (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) एक नंबर मोठा बूट आला तर पुढे रुमाल कोंबून ती खेळली.

तेवढ्यात दुसरं संकट. विमानात नेताना आम्ही बॉलमधली हवा काढली होती, पंप आणलेला, पण पंपाची पिन सापडेना. सहा बॉल, सहाही मऊ. वॉर्मअपला बॉलच नाहीत. समोरच्या टीमच्या कोच बाईंनी पर्समधून पिन काढली, तोंडातल्या थुंकीने ओली केली (सरही असंच करतात, नाहीतर बॉलचा व्हॉल्व्ह फाटतो) आणि स्वतः सहाही बॉल भरून दिले. पिन विसरलो ही आमचीच चूक, कंपनीवर नाही टाकत.

मॅच आम्ही तीन सेट सरळ हरलो. २५-१३, २५-११, २५-१७. समोरची टीम चांगलीच होती, एरवीही कदाचित हरलोच असतो, पण अशा नाही. दुसऱ्या सेटमध्ये आमच्या लिबेरोच्या (मागे राहून फक्त बचाव करणारी खेळाडू) पोटरीत गोळा आला, ती कोर्टवरच बसली. आमची जी पोरगी विद्यापीठाच्या मॅचेसमध्ये रिसिव्ह सोडत नाही ती समोरून आलेल्या साध्या सर्व्हिसला पाय हलवू शकत नव्हती. रात्री हॉटेलवर कुणी कुणाशी बोलेना. निफाडच्या पोरीने घरी फोन केला, वडिलांनी काय विचारलं असेल ते कळत होतं, आणि ती म्हणाली, "हत्ती बघितले पप्पा, खूप होते." मला ते वाक्य अजून टोचतं.

पुढचे दोन दिवस मात्र यांनी खरंच मस्त फिरवलं, ते नाकारणार नाही. बुद्धाच्या दाताच्या मंदिरात, दळदा मालिगावात, संध्याकाळच्या पूजेच्या वेळी नेलं, आत ढोल वाजत होते आणि लोक कमळं घेऊन रांगेत उभे. गुडघे आणि खांदे झाकलेले पाहिजेत हे आदल्या रात्रीच सांगितलं होतं, त्यामुळे पोरी ट्रॅकपँटमध्ये गेल्या, काही अडचण नाही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही हे पण आधीच बजावलेलं. पेरादेनियाची बाग १४७ एकर, तिथे एका पसरलेल्या झाडाखाली सरांनी सगळ्यांना झोपवलं, अक्षरशः तासभर झोपवलं, आणि टूर मॅनेजर घड्याळ बघत राहिला तरी उठवलं नाही.

मग नुवारा एलिया. उंची १८६८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर, आणि एवढ्या उंचावर अख्खं गाव, चहाचे मळे, पोरी कुडकुडत होत्या. तिथून जवळ सीता एलिया म्हणून ठिकाण आहे, सीता अम्मन मंदिर, तिथले लोक त्यालाच अशोकवाटिका मानतात. मंदिराच्या मागून ओढा वाहतो, खडकात खळगे आहेत, ती मारुतीच्या पावलांची खूण म्हणून दाखवतात. आता नाशिकच्या पोरींना हे काय आहे ते वेगळं सांगायला लागत नाही. आमची लिबेरो पंचवटीत राहते, सीता गुंफा तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, लहानपणापासून पाहुणे आले की त्यांना वाकून वाकून त्या जिन्याने खाली नेणं हे तिचंच काम. ड्रायव्हर अय्या (तिकडे मोठ्या भावाला अय्या म्हणतात आणि मोठ्या बहिणीला आपल्यासारखंच अक्का) सांगत होता की सीतेला भारतातल्या एका जंगलातून इथे आणलं. ती म्हणाली, अय्या, ते जंगल म्हणजे आमचं घर. त्याला आधी कळेना, मग मोबाईलवर नकाशा काढून दाखवला, गोदावरी दाखवली. त्याने हात जोडले तिला. नंतर ती ओढ्यात पाय सोडून एकटीच बसली, पोटरीचा गोळा अजून दुखत होता म्हणून असेल, पण बराच वेळ बसली. प्रोग्रॅममध्ये इथे वीस मिनिटं लिहिली होती, टूर मॅनेजरने दीड तास दिला आणि एकदाही चला म्हणाला नाही. त्यासाठी त्याचे मनापासून आभार.

जेवणाचं सांगते. हॉटेलचा नाश्ता चांगला, आप्पम, इडियप्पम, फळं भरपूर, केशरी शहाळं मिळतं त्याला थंबिली म्हणतात ते पोरींनी रोज प्यायलं. दुपारी भात आणि चार-पाच भाज्या, तिखट असतात, आपल्याला चालतात. घोळ झाला तो खोबऱ्याच्या चटणीत, पोल सांबोल. दिसायला आपल्या ओल्या खोबऱ्याच्या लाल चटणीसारखी, पण त्यात बहुतेक वेळा सुक्या मासळीचा चुरा घालतात, उंबलकड म्हणतात. आमच्यात एक पोरगी माळकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ, तिने दोन दिवस भाताबरोबर तीच खाल्ली, कारण व्हेज टेबलवर ठेवलेली होती. तिसऱ्या दिवशी अय्यानेच लक्षात आणून दिलं. पोरगी इतकी रडली. वडिलांना फोन लावला तर ते म्हणाले, "बाळा, नकळत झालं ना, पांडुरंगाला कळतं सगळं, तू आधी पोटभर जेव." तिला हुंदके थांबेनात आणि इकडे माझे पण डोळे भरले. फॉर्मवर आम्ही चार जणी शुद्ध शाकाहारी असं लिहून दिलेलं, मग त्या देशात नेहमी जाणाऱ्या कंपनीला चटणीत मासळी असते हे माहीत नसावं? की माहीत होतं आणि सांगितलं नाही? दोन्ही वाईटच. त्यानंतर मात्र टूर मॅनेजर प्रत्येक ठिकाणी किचनमध्ये जाऊन विचारून यायचा.

दुसरी मॅच कोलंबोत. ती ज्या दिवशी लावली होती तो निघाला पोयाचा दिवस. तिकडे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, पोया म्हणतात, लोक पांढरे कपडे घालून देवळात जातात, मांस-दारूची दुकानं बंद. म्हणजे कॅलेंडर बघितलं असतं तरी कळलं असतं. समोरच्या क्लबने आदल्या दिवशी कळवलं की मॅच उद्या नको, परवा सकाळी खेळू. टूर मॅनेजरने लगेच शॉपिंगचा प्लॅन काढला, आणि यावेळी सर ठाम उभे राहिले. शॉपिंग नाही, सिटी टूर नाही, दुपारी झोप, संध्याकाळी गॉल फेस ग्रीनला समुद्रासमोर तासभर हलकी प्रॅक्टिस, रात्री नऊला लाईट बंद. अय्याने दुपारीच कुठूनतरी नॉन-मार्किंग बुटांचे चार जोड भाड्याने आणून ठेवले, कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरी बघा! पहिला सेट गेला, दुसरा आणला, तिसरा गेला, चौथा २७-२५ ने काढला. पाचवा सेट पंधराचा, १२-१२ वरून लिबेरोने एक बॉल काढला, पार कोर्टच्या बाहेर, स्कोरर बसतात त्या टेबलापाशी पडता पडता, एका हाताने. लिफ्टरने तो तसाच मागे उचलला आणि निफाडच्या पोरीने तो असा मारला की समोरच्या ब्लॉकच्या बोटांना लागून बाहेर. तिथून पुढचे दोन पॉइंट पण आमचेच, १५-१२. अय्या कोर्टबाहेर "हरि हरि" ओरडत होता, सिंहलीत हरि म्हणजे बरोबर, छान, आणि आमच्या पोरी पण त्याच्याबरोबर हरि हरि करून नाचत होत्या. घरी फोन गेला तेव्हा हत्तींचं नाव पण नाही निघालं.

गॉल शेवटच्या दिवशी दोन तासांत उरकलं. किल्ला सुंदर, तटावरून खाली क्रिकेटचं स्टेडियम दिसतं, तेच जे २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालं होतं आणि तिथे पुन्हा टेस्ट व्हायला २००७ चा डिसेंबर उजाडला. अजून वेळ पाहिजे होता.

एक गोष्ट राहिली, इन्शुरन्स. कोलंबोच्या मॅचमध्ये एकीचं बोट मुरगळलं, एक्सरे काढला, आणि नंतर कळलं की कंपनीने काढलेल्या पॉलिसीत खेळताना झालेली दुखापत धरलेलीच नाही. खेळाडूंच्या टूरला! हा खर्च मालकांनी नंतर स्वतः भरून दिला, तेही न मागता, म्हणून सांगते की माणसं वाईट नाहीत. ते स्वतःच म्हणाले, मॅडम, आम्ही आजवर फॅमिली टूरच केल्या, टीम पहिल्यांदाच नेली.

तर तुम्ही नेणार असाल तर अशा कंपनीकडे जा, हरकत नाही, पण पैसे देण्याआधी हे लिहून घ्या: पोचल्याच्या दिवशी मॅच नाही, मॅचच्या दिवशी दुपारपर्यंत बसप्रवास नाही आणि फिरणं तर नाहीच, हॉलचा फ्लोअर कसा आहे ते आधी कळवायचं, तिथलं सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून तारखा लावायच्या, आणि पॉलिसीचा कागद सही करण्याआधी हातात पाहिजे. शेवटचा हप्ता समोरच्या टीमचं मॅचचं पत्र आल्यावरच द्या. फिरणं मॅचच्या वेळा बघून बसवायचं, उलटं नाही. आणि बॉलच्या पंपाच्या दोन पिना घ्या, एक बॅगेत आणि एक मॅनेजरच्या पर्समध्ये. कँडीच्या कोच बाईंची पिन अजून माझ्याकडेच आहे, गडबडीत परत द्यायची राहिली, कुरियरने पाठवतेय, सोबत पोरींनी मनुक्यांचं पाकीट ठेवलंय.