सपाटपणा विकत घ्यायचा की घडवायचा? घरी फर्निचर करणाऱ्यासाठी भरीव लाकूड आणि प्लायवूड

स्वतःच्या हातानं एखादं टेबल नाहीतर पुस्तकांचं शेल्फ करायचं मनात आलं की पहिला प्रश्न हाच पडतो: भरीव लाकूड घ्यावं की प्लायवूड? चार जणांना विचारलं तर चौघेही मजबुतीवरच बोलतात. "लाकूड ते लाकूडच" म्हणणारे एका बाजूला, "आता कोण लाकूड वापरतं, प्लाय घ्या आणि मोकळे व्हा" म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मजबुतीचं बोलणं चुकीचं नाही. पण घरच्या घरी काम करणाऱ्याला मजबुती फार उशिरा नडते. त्याच्या कितीतरी आधी नडतो तो सपाटपणा.

माझं पहिलं टेबल भरीव लाकडाचं होतं. चार फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या, टॉप तयार झाला. खाली दोन आडव्या पट्ट्या घेतल्या आणि प्रत्येक फळीत तीन-तीन स्क्रू आवळले, शिवाय सरस. हलता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. पाच-सहा महिन्यांनी हवा कोरडी झाली आणि एका रात्री टाळी वाजल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहतो तर टॉपमध्ये हातभर लांब भेग. गंमत म्हणजे चिकटवलेले सांधे शाबूत होते, भेग अखंड फळीतून गेली होती.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही. रेषांच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या, लांबीत हा फरक नगण्य असतो: ओलं लाकूड पूर्ण कोरडं झालं तरी बहुतेक जाती लांबीत ०.१ ते ०.२ टक्के आकसतात. रुंदीत मात्र, वाढीच्या वलयांना धरून, सागवान जवळपास ६ टक्के आणि पांढरा ओक १० टक्क्यांहून जास्त आकसतो. घरात इतकी टोकाची परिस्थिती येत नाही. तरी लाकडातली ओल चार टक्क्यांनी जरी कमी-जास्त झाली तरी ९०० मिमी रुंदीचा सागवानी टॉप सहा-सात मिमीनं हलतो, ओकचा तेरा मिमीपर्यंत. मी त्याला चोवीस स्क्रूंनी जखडून ठेवलं होतं. दुसरं काय होणार?

प्लायवूडमध्ये ही भानगड कारखान्यातच मिटवलेली असते. लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात ठेवून चिकटवतात. एका थराला जिकडे फुगायचं असतं, तिकडे शेजारचा थर त्याला धरून ठेवतो. थरांची संख्या बहुधा विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो आणि पत्रा वाकत नाही. प्लाय म्हणजे नकली लाकूड, असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: इजिप्तमध्ये सक्कारा इथं तिसऱ्या राजवंशाच्या काळातली, लाकडाचे सहा पातळ थर आडवे-उभे चढवून केलेली शवपेटी सापडली आहे. म्हणजे ही युक्ती साडेचार हजार वर्षांहून जुनी आहे.

थोडक्यात, प्लायचा पत्रा घेता तेव्हा तुम्ही सपाटपणा विकत घेता. भरीव फळी घेता तेव्हा तो तुम्हाला घडवावा लागतो, आणि घडवल्यावरही सांभाळावा लागतो.

घडवणं म्हणजे नेमकं किती काम?

करवतीतून आलेली कच्ची फळी बघायला सरळ वाटते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि डोळा खाली नेऊन एकीवरून दुसरीकडे बघा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसणार नाहीत. फळीला पीळ असतो, कधी बाक असतो, कधी दोन्ही. मग रंध्यानं आधी एक तोंड सपाट करायचं, गुण्या लावून एक कड त्याला काटकोनात आणायची, खतावणीनं, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढायच्या हत्यारानं, जाडीची रेघ मारून दुसरं तोंड तिथवर उतरवायचं, शेवटी दुसरी कड. नवख्या माणसाची एका चार फुटी फळीवर अख्खी संध्याकाळ जाते. रेषा उलटी लागली की रंधा गुळगुळीत करायचं सोडून ढलप्या उपटतो. पातं बोथट असेल तर रंधा चालतच नाही, म्हणजे धार लावायला शिकणं आलं. आणि फळी रंधताना ती हलता कामा नये, म्हणून जड, न डगमगणारं कामाचं टेबल आलं. हा शेवटचा खर्च कुणी आधी सांगत नाही. पहिलं टेबल करायला आधी एक टेबल लागतं.

रंधून काटकोनात आणलेल्या फळ्या विकत मिळतात, आणि सुरुवातीला त्याच घ्याव्यात. पण आणल्या दिवशी कापू नका. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचून, त्या जिथं वापरायच्या त्याच खोलीत दोन-तीन आठवडे पडू द्या. ज्यांना वाकायचं असेल त्या वाकतील, आणि टेबल झाल्यावर वाकण्यापेक्षा आधी वाकलेल्या बऱ्या. अर्थात हे वाळवलेल्या लाकडाचं झालं. ओल्या लाकडासाठी सुतारांचा जुना अंदाज इंचभर जाडीला एक वर्ष असा आहे.

प्लायला यातलं काहीच लागत नाही. त्याची डोकेदुखी वेगळी. २४४० बाय १२२० मिमीचा, १८ मिमी जाडीचा पत्रा साधारण ३५ किलोचा भरतो. एकट्यानं तो जिन्यावरून वळवून दाखवा! म्हणून मोठे काप विकत घेतो तिथंच मशीनवर करून घेणं शहाणपणाचं. आधी घरी कागदावर सगळे तुकडे मांडा आणि प्रत्येक कापाला पात्याची तीन मिमी जाडी सोडायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि चारही फळ्या थोड्या थोड्या अरुंद आल्या. घरी कापायचं असेल तर बारीक दातांचं पातं, कापाच्या रेघेवर चिकटपट्टी आणि धारदार चाकूनं आधी एक ओरखडा. नाहीतर वरचा थर कडेनं उचकटतो.

हा वरचा थर फार पातळ असतो, पुष्कळदा अर्धा मिमीसुद्धा नाही. सँडर (घासायचं यंत्र) दोन सेकंद जास्त टेकला की खालचा आडवा थर डोकावतो, आणि त्याला इलाज नाही. भरीव लाकडात अशी चूक झाली तर आणखी घासायचं, एवढंच.

कडा, सांधे आणि वाकणं

प्लायची खरी दुखती जागा म्हणजे कड. तिथं थर उघडे पडतात, तिथूनच पाणी शिरतं, आणि पाण्यानं फुगलेली कड परत बसत नाही. खरेदी करताना कडेकडे बारकाईनं बघा: थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर तसल्याच आतही असणार, आणि तुमचा स्क्रू नेमका त्यातच जाणार. कडेत स्क्रू घालताना आधी बारीक भोक पाडलं नाही तर थर फाकतात. नीट घातला तरी तिथली पकड तोंडावरच्या पकडीइतकी नसते, म्हणून सरस आणि डोवेल (लाकडी खुंटी) किंवा सरस आणि स्क्रू अशी जोडी हवीच. उघडी कड झाकायला भरीव लाकडाची पट्टी चिकटवायची. सुतार तिला लिपिंग म्हणतात.

ती पट्टी नुसती सजावट नाही. पुस्तकांचं वजन एका मीटरला सहज ३० किलो होतं. १८ मिमी प्लायची, २५ सेंमी खोल फळी ६०० मिमी अंतरावर टेकवली तर अर्धा-पाऊण मिमी वाकेल, कुणाला दिसणारही नाही. हेच अंतर ९०० मिमी केलं तर वाकणं पाचपट होतं, कारण सारख्या पसरलेल्या वजनाखाली ते अंतराच्या चौथ्या घातानं वाढतं. शिवाय लाकूड वर्षानुवर्षं ओझ्याखाली आणखी हळूहळू बसत जातं. पुढच्या कडेला ४० मिमी उंचीची भरीव पट्टी लावली की वाकणं जवळपास निम्म्यावर येतं. तेवढ्याच जाडीची भरीव फळी, रेषा लांबीत धरल्या तर, एरवीही कमी वाकते, कारण प्लायचे जवळपास निम्मे थर आडवे असतात आणि त्या दिशेनं त्यांची फारशी मदत होत नाही.

सांध्यांच्या बाबतीत भरीव लाकडाचं पारडं जड आहे, पण ते शिकणाऱ्यासाठीच. तुकड्याच्या टोकाला जीभ काढायची आणि ती दुसऱ्या तुकड्यातल्या खाचेत ठोकून बसवायची, हा कुसूचा सांधा पाय आणि आडव्या पट्टीला जसा धरतो तसा स्क्रू धरत नाही. पण पटाशीनं सरळ खाच खणायला हात बसावा लागतो. पांढरा सरस फटी भरून काढत नाही, ढिला सांधा ढिलाच राहतो. आठ-दहा खाचा टाकाऊ तुकड्यांवर खणून बघा, मगच खऱ्या पायाला हात लावा.

आवाज, धूळ, जागा

लोक इथं चुकीचा अंदाज बांधतात असं मला वाटतं. लहान घर आहे, वेळ फक्त रात्रीचा, म्हणून प्लाय सोपं पडेल असा समज असतो. प्रत्यक्षात प्लाय नीट कापायला विजेची करवत लागते. ती किंचाळते आणि खोलीभर पिठासारखी धूळ उडवते. रंधा आणि हातकरवत शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या माणसालाही उठवत नाहीत, आणि रंध्यातून पडतात त्या कुरळ्या सालपट्ट्या झाडूनं गोळा होतात. धुळीचं प्रकरण हलक्यात घेण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. विजेचं यंत्र वापरणार असाल तर नाकातोंडाला घट्ट बसणारा मास्क आणि यंत्राला जोडलेला व्हॅक्यूम हवाच, मग माल कुठलाही असो.

म्हणून, मोठे काप बाहेरून करून मिळणार असतील तर प्लाय. मिळणार नसतील आणि काम एका कोपऱ्यात, शांतपणे करायचं असेल, तर अरुंद फळ्यांचं भरीव काम जास्त जमेल. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या पत्र्याचा, विचार मी केला आणि सोडला. रंग त्यावर सुरेख बसतो, पण त्याची धूळ सगळ्यांत बारीक, आणि पाणी लागलं की काम संपलं.

काय करायचंय त्यावर

पुस्तकांचं शेल्फ किंवा कपाट: प्लाय, बिनदिक्कत. रुंद, सपाट, चौकोनी तुकडे हेच तर ते विकतं. अंतर ६०० ते ७०० मिमीच्या आत, पुढे लिपिंग आणि मागे पातळ प्लायची पाठ स्क्रूनं आवळलेली. ही पाठ गाळली तर कपाट काटकोनात राहत नाही, एका बाजूला कलतं.

स्टूल, बाक, फुलझाडांची मांडणी: भरीव लाकूड, तेही अरुंद फळ्यांचं. फळ्या एकमेकींना चिकटवूच नका, मध्ये पाच-सहा मिमीची फट सोडा. प्रत्येक फळी आपापली फुगेल-आकसेल, कुणाला कळणार नाही. डच वास्तुकार खेरिट रीटफेल्ट यांनी १९३४ मध्ये मालाच्या खोक्यांच्या साध्या फळ्यांचं फर्निचर काढलं होतं. ते सुटे भाग म्हणून विकलं जाई आणि घेणारा घरी जोडत असे. नाजूक सांधे नाहीत, रुंद चिकटवलेलं तोंड नाही. सुरुवात करणाऱ्यानं तोच धडा गिरवावा.

टेबल: इथं दोन्ही वापरा. पाय आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या भरीव, टॉप प्लायचा, चारी बाजूंनी लिपिंग. भरीव टॉपचाच हट्ट असेल तर तो खालच्या चौकटीला जखडू नका. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट पाडा, सरस अजिबात लावू नका, म्हणजे टॉपला सरकायला जागा राहते. माझा भेगाळलेला टॉप मी शेवटी भेगेवरूनच उभा चिरला, कडा रंधल्या आणि दोन्ही अर्धे मध्ये बोटभर फट ठेवून परत बसवले. पेन्सिल तेवढी अधूनमधून खाली पडते.

पलंग: बाजूच्या लांब पट्ट्या भरीव, रेषा लांबीत असलेल्या आणि गाठी नसलेल्या. गादीखाली प्लाय किंवा पट्ट्या. कोपरे चिकटवू नका, नटबोल्टनं जोडा. खोलीत केलेला पलंग दारातून बाहेर काढायची वेळ कधीतरी येतेच.

खण: बाजूंना १२ मिमी प्लाय आणि तळाला ६ मिमी. भरीव खण हवा दमट झाली की अडकतात.

खुर्ची पहिल्या वर्षी कशाचीच करू नका. बसणारा मागे रेलतो, कधी दोन पायांवर झुलतो, आणि सगळा जोर मागच्या पायाच्या एका सांध्यावर येतो. तिचे कोनही सरळ नसतात, त्यामुळे गुण्या कामाचा राहत नाही. फारच हौस असेल तर ४५० मिमी उंचीची तीन स्टुलं एकामागून एक करा, प्रत्येकावर महिनाभर बसा, आणि तिसऱ्याचे सांधे करकरले नाहीत तर मग खुर्चीसाठी फळ्या आणा.